माझ्या पायांची अधिकृत लांबी

माझे पाय नेमके किती लांब आहेत, हे सत्तावन्न वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. ते जमिनीपर्यंत पोचतात एवढी माहिती आजवर पुरत होती. त्यांच्यावर उभं राहून मी शाळेत शिक्षा भोगली, लग्न केलं, आणि गेली एकतीस वर्षं एका सरकारी खात्याच्या अभिलेख शाखेचे जिने चढलो. अभिलेख शाखा म्हणजे जुने कागद सांभाळायची जागा. तिथे इतकी वर्षं बसलेल्या माणसाचा एकच धर्म होतो. नोंदवहीत आहे ते खरं, बाकी सगळ्या अफवा. हा धर्म मला आधी कसा नडला आणि मग कसा पावला, त्याची ही हकिकत आहे.

काठमांडूहून बागमतीचा पूल ओलांडला की आमचं पाटण. तिथल्या एका चौकात मी, प्रेमकाजी अमात्य, बायको नानीमैयाँ आणि मुलगी पलिस्था असे तिघं राहतो. राहत होतो, असं आता म्हणायला हवं.

चार वर्षांपूर्वी पलिस्थाला डोंगरात पर्यटकांना सायकलीवरून फिरवायची नोकरी लागली, आणि पहिल्या काही पगारांतून तिनं एक जांभळी माउंटन बाइक घेतली. जाड टायर, पुढे स्प्रिंग, घंटी नाही, मडगार्ड नाही, मागे कॅरिअरसुद्धा नाही. म्हणजे भाजीची पिशवी अडकवायची सोय नाही, अशा वाहनाला सायकल का म्हणायचं, हा माझा प्रश्न होता. अमात्यांच्या मुलीनं लोकांना डोंगर दाखवत हिंडायचं, हा दुसरा. त्या दिवशी मी जेवता जेवता जाहीर केलं, "या वस्तूला मी हात लावणार नाही." पलिस्था म्हणाली, "नका लावू." पोरगी उंचीनं माझ्यावर गेली आहे आणि हट्टानंही.

मी शब्द पाळला. सायकल जिन्याखाली उभी असायची आणि चार वर्षं मी पोट आत घेऊन तिच्या बाजूनं जायचो. पण गंमत अशी की पोरीनं काही मनात धरलं नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी ती विचारायची, "बा, उद्या लाकुरीभन्ज्याङला यायचं का? कुणाची तरी सायकल आणते तुमच्यासाठी." लाकुरीभन्ज्याङ म्हणजे पूर्वेकडची खिंड, तिथून सगळं खोरं दिसतं, आणि शनिवारी आम्हाला सुट्टी. मी म्हणायचो, "पुढच्या शनिवारी." असे दोनशे शनिवार तरी झाले असतील.

मग असोज महिन्यात तिचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आला. कात्तिक चोवीसचं तिकीट निघालं. आणि त्या शुक्रवारी तिनं विचारलं नाही. जेवली, ताट घासलं, वर निघून गेली. मी उगाचच अंगणात जाऊन उभा राहिलो. उत्तर तयार होतं, प्रश्नच आला नाही. फार वाईट वाटलं मला, ते लपवत नाही.

मी ठरवलं की भाइटीकेनंतरच्या, म्हणजे भाऊबीजेनंतरच्या शनिवारी, ती जायच्या आधीच्या शेवटच्या शनिवारी, आपण स्वतःच्या सायकलवर बसून चौकात हजर व्हायचं आणि म्हणायचं, "चल." जांभळीला हात न लावण्याचा शब्दही राहील आणि पोरीलाही नवल वाटेल. नवल वाटायचं तर तिला आधी विचारायचं नाही हे ओघानं आलं. थोडक्यात, सायकलीतलं ज्याला खरोखर कळतं असं घरात एकच माणूस होतं, आणि त्याला सोडून मी सगळ्या पाटणला विचारलं.

पहिला सल्ला शेजारच्या सानुकाजी दाइंचा. दाइ म्हणजे दादा. ते नापी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्यामुळे कोणतीही गोष्ट मोजल्याशिवाय त्यांना दिसत नाही.

"सायकल घेतोस ते ठीक," ते म्हणाले, "पण फ्रेमची साइज चुकली तर कंबर गेली म्हणून समज. मोठी घेतलीस तर मधला दांडा नको तिथे लागेल. लहान घेतलीस तर गुडघे छातीत. साइज आधी, रंग मग."

"साइज कशी ठरवतात?"

"ते दुकानदाराला विचार. मी जमिनीचा माणूस."

दुकान फुर्बा लामाचं, कुपंडोलच्या उतारावर. मी गेलो तेव्हा कडक इस्त्रीची पँट आणि टोपी होती, त्यामुळे त्यानं "या सर" म्हणून स्वागत केलं. मी माउंटन बाइक हवी म्हटल्यावर त्यानं मला नीट पाहिलं आणि "कुणासाठी, दाइ?" असं विचारलं. स्वतःसाठी, असं मी जरा तुटकच सांगितलं.

"छान. चालवायची स्टाइल कोणती तुमची?"

आता शैली असायला आधी कृती असावी लागते. तरुणपणी काळ्या चिनी सायकलीवरून मी कचेरीत जायचो, त्यानंतर थेट आजच. पण हे भर दुकानात कोण सांगणार? तीन तरुण मुली तिथे हेल्मेटं घालून बघत होत्या. मी म्हटलं, "मिश्र."

"म्हणजे बघा," फुर्बा समजावू लागला, "माणूस दोन साइजच्या मध्ये पडला की स्टाइल बघायची. उताराला उड्या मारायच्या, झटकन वळायचं, तर लहान फ्रेम. लांबचा चढ शांतपणे चढायचा तर मोठी. तुम्ही उड्या मारणार का?"

"सध्या विचार नाही."

"बरं, अंकल," तो म्हणाला. दहा मिनिटांत मी सरचा दाइ आणि दाइचा अंकल झालो होतो. "आता पायाचं आतलं माप घेऊ. बूट काढा, भिंतीला टेकून उभे राहा. आणि हे पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरून वर घट्ट ओढा. अगदी वरपर्यंत."

त्यानं खरोखरच एक जाडजूड पुस्तक माझ्यापुढे केलं. चुकून पुस्तकाला पाय लागला तरी आम्ही ते उचलून कपाळाला लावतो. हे पुस्तक तो जिथे लावायला सांगत होता तिथे लावून मग कपाळाला लावायचं? मी एकतीस वर्षं कागदाचं मीठ खाल्लंय. शिवाय त्या तीन मुली.

"माप मी घरून पाठवतो," मी म्हटलं आणि टोपी सरळ करून बाहेर पडलो.

सानुकाजी दाइंना हे सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. "अरे, अंगावर माप घ्यायची गरजच काय? जमीन मोजताना आम्ही जमिनीला विचारत बसायचो का? आधी जुना नकाशा काढायचो. तुझा नकाशा हर्क मास्टरकडे आहे."

हा युक्तिवाद मला इतका पटला की मी त्यांना चहा पाजला. हर्कबहादुर परियार हे आमचे शिंपी. वीस वर्षं माझा प्रत्येक दौरा-सुरवाल त्यांनी शिवला, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची मापं त्यांच्या लाल वहीत आहेत. वही म्हणजे नोंद, नोंद म्हणजे सत्य. मी तडक त्यांच्याकडे गेलो.

मास्टरांनी चष्मा कपाळावर नेला, बोट फिरवलं, पान काढलं. "अमात्य साहेब. पुतण्याच्या लग्नातला. हे बघा, आतली लांबी साडेतेवीस इंच. पण साहेब, हे सुरवालचं माप आहे."

"पाय तेच आहेत ना, मास्टर?"

"पाय तेच."

"मग झालं."

"नाही, म्हणजे सुरवालचं कसं असतं..."

"मास्टर," मी जरा अधिकारानं म्हटलं, "नोंदीवर चर्चा करायची नसते." बिचारे पुन्हा मशीन चालवू लागले. आजही तो क्षण आठवला की माझा कान गरम होतो.

फुर्बाच्या दुकानात भिंतीवर लिहिलेल्या सूत्रात ते माप घालून गुणाकार केला. फ्रेमची साइज आली साडेतेरा इंच. मला आकडा फार आवडला. त्यात अर्धा होता. आणि ज्या आकड्यात अर्धा असतो तो विचार करून काढलेला वाटतो. "लहानच बरी," सानुकाजी दाइ म्हणाले. "तुझी स्टाइल म्हणजे दमलास की उतरून ढकलणे. ढकलायला हलकी पडेल." मी फुर्बाला साइज कळवली आणि सायकल मागवली.

आता पुढचा प्रसंग मी स्वतः ऐकलेला नाही. त्या वेळी मी न्हाणीघरात होतो आणि फोन पलंगावर होता. पण नंतर दोन्ही पक्षांची जबानी मिळाली आणि ती तंतोतंत जुळली, म्हणून नोंदवतो.

नवऱ्यानं या वयात डोंगर चढायचं ठरवलंय म्हटल्यावर नानीमैयाँ गुपचूप गुरुजूंकडे जाऊन सायकल घरात आणण्याची साइत काढून आली होती. साइत म्हणजे मुहूर्त, हे मी सांगायला नको. कात्तिक तेरा, सकाळी नऊ सव्वीस. त्याच संध्याकाळी फुर्बाचा फोन आला. त्याच्या दुकानासमोर गाड्यांचे भोंगे वाजत होते, आणि नानीमैयाँचा उजवा कान तसाही माहेरचंच ऐकतो.

"आंटी, फुर्बा बोलतोय, सायकलवाला. साइजचं विचारायचं होतं."

"साइत ना? काढली आहे."

"अंकल साडेतेरा म्हणालेत. पक्कं का?"

"साडेतेरा कुठली? तेरा. ह्यांना काही सांगता येत नाही. अर्ध्याबिर्ध्याच्या भानगडीत पडू नका. गुरुजूंनी स्वतः बघून दिली आहे."

फुर्बाला वाटलं, अंकलनी शिकवणीला कुणी गुरू धरलेत. तरी त्यानं कर्तव्य केलं. "पण आंटी, जरा लहान नाही का होणार?"

"लहान आहे, पण चांगली आहे. मोठी थेट कात्तिक संपल्यावर येते म्हणाले. तोवर कोण थांबणार? पोरगी चोवीसला चालली."

मोठ्या साइजचा माल कात्तिक संपल्यावर येणार होता हे खरंच होतं. या घरच्या गुरुजूंना जकातीतला मालसुद्धा दिसतो, हे पाहून फुर्बा चकित झाला आणि त्यानं साडेतेरा खोडून तेरा लिहिलं. नानीमैयाँनं मला काही सांगितलं नाही. तिच्या मते सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

दसैं, म्हणजे आमचा दसरा, झाला, कपाळी टीका लागला, आणि सायकल जकात कचेरीत अडकली. मालावर माझं नाव असल्यामुळे मलाच जावं लागलं. तिथल्या कारकुनानं खोक्यावरचा आकडा पाहिला, कागद पाहिला, मग मला पाहिलं.

"तेरा इंच. म्हणजे पोरांची. कागदावर मोठ्या माणसाची लिहिलीय. दोन्हींचे दर वेगळे. खरं काय?"

साडेतेराचं तेरा झालेलं मी पाहिलं, पण कंपन्या पूर्ण आकड्यात माल काढत असतील असं समजलो. कारकुनाच्या अज्ञानाची मात्र मला कीव आली. "भाइ," मी म्हटलं, "तुम्ही चाकाचं माप समजताय. ही फ्रेमची साइज. ती पायाच्या आतल्या लांबीवरून काढतात, आणि माणूस मध्ये पडला तर शैलीवरून." मी त्याला उताराची शैली सांगितली, चढाची सांगितली. मागे रांगेतले चार लोक ऐकत होते, त्यामुळे जरा विस्तारानं सांगितली.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "कळलं. तरी ही पोरांची दिसतेय. मोठा माणूस चालवणार असेल तर वॉर्डाची सिफारिस आणा."

"कशाची सिफारिस?"

"मोठा माणूस चालवणार याची."

कारकुनाचं बरोबर होतं आणि माझं चूक, हे मी आता लिहून देतो. त्या दिवशी मात्र मी मूर्खांच्या राज्यातला एकटा शहाणा होतो.

वॉर्ड कार्यालयातल्या सचिवबाई सज्जन होत्या. त्यांच्याकडे जन्माचा नमुना होता, मृत्यूचा होता, घराला वाट असल्याचा होता, चालचलणुकीचा होता. पायांचा नव्हता. त्यांनी दोन्ही कप्पे शोधले. शेवटी म्हणाल्या, "दाइ, मागे तुम्ही मुलीच्या व्हिसासाठी नातं प्रमाणित करून नेलंत ना? त्याच नमुन्यात बसवते." आणि त्यांनी बसवलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर लिहिलंय की या वॉर्डाचे रहिवासी श्री. प्रेमकाजी अमात्य आणि खाली नमूद सायकल यांचं नातं 'स्वार' असं असून, निवेदक वयानं व पायांनी प्रौढ असल्याचं सर्जमिनीवरून, म्हणजे जागेवरच्या पाहणीवरून, दिसतं. खाली सही, खाली गोल शिक्का. साक्षीदार सानुकाजी दाइ.

"शिक्का छान उठलाय," दाइ म्हणाले. खरंच छान उठला होता.

कात्तिक तेराला सकाळी नऊ सव्वीसला सायकल चौकात आली. पलिस्था नऊच्या आधी कामावर जाते हे धरून सगळा बेत होता. मी नवा ट्रॅकसूट घातला होता. मास्टरही आले होते. आपल्या वहीतल्या मापाची सायकल बघायची त्यांना उत्सुकता होती. निम्मा चौक जमला. नानीमैयाँनं सायकलीला टीका लावला, झेंडूची माळ घातली, चाकापुढे अंडं फोडलं, आणि मला सगुन म्हणून उकडलेलं अंडं, सुका मासा आणि घोटभर रक्सी, म्हणजे घरची दारू, दिली. फुर्बानं खोक्याचा शेवटचा पुठ्ठा काढला.

पाहताक्षणी माझ्या मनात आलं की अजून काहीतरी जोडायचं राहिलंय.

"लांबून लहान दिसते," सानुकाजी दाइ म्हणाले. ते सायकलीपासून दोन हातांवर उभे होते.

पण साइत टळत होती. मी बसलो. पहिलं पॅडल मारलं तेव्हा उजवा गुडघा हँडलला लागला. दुसरं मारलं तेव्हा डावा गुडघा हनुवटीला. झेंडूची माळ दोन्ही गुडघ्यांत अडकली. तरी मी चौकाच्या मधोमध असलेल्या चैत्याला अर्धी प्रदक्षिणा घातली, हे नमूद व्हावं. उरलेल्या अर्धीच्या तोंडाशी तोल गेला आणि मी शेजारच्या कल्पनाबहिनींच्या वाळत घातलेल्या धान्यावर बसलो. लागलं नाही. कुणी हसलंही नाही, आणि तेच जास्त लागलं. सगळा चौक मान खाली घालून श्वास रोखून उभा होता.

हसलं ते एकच माणूस. वरच्या खिडकीतून. त्या दिवशी पलिस्थानं सुट्टी घेतली होती.

ती खाली आली तेव्हा डोळे पुसत होती. "बा, हे काय?"

"सायकल," मी धान्यातूनच सांगितलं.

"कुणासाठी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "लाकुरीभन्ज्याङसाठी," मी म्हटलं. "शनिवारी तुझ्याबरोबर येणार होतो. तू विचारायचं थांबवलंस."

तिचं हसू एकदम गेलं. मला हात देऊन उठवलं, ट्रॅकसूटवरचे दाणे झाडले. मग तिथेच चौकशी बसली. साइज कुणी काढली? मी मास्टरांकडे पाहिलं. मास्टरांनी हात जोडले.

"साहेब, तेच सांगत होतो. सुरवाल ढगळ असतो. त्याची दोन पायांमधली शिवण पार मांडीच्या खाली लोंबते. मी तिथून घोट्यापर्यंत मोजतो. तुमचा पाय त्याहून आठ-नऊ इंच वरून सुरू होतो."

"आणि वर साडेतेराचं तेरा कुणी केलं?" पलिस्थानं विचारलं.

"गुरुजूंनी," फुर्बा म्हणाला.

"साइत होती ती," नानीमैयाँ म्हणाली. "तेरा तारीख." मग दोघंही एकमेकांकडे बघत राहिले, आणि आता मात्र चौक मनसोक्त हसला. सानुकाजी दाइ तर चैत्याला धरून हसले.

"मला खटकलं होतं," फुर्बा ओशाळून म्हणाला. "पण फोनवर आंटी होत्या ना. शेवटी वाटलं, सायकल आंटींसाठीच असेल."

पलिस्था आत गेली आणि जिन्याखालची जांभळी सायकल घेऊन आली. माझ्यासमोर धरली.

"बसा."

"मी शब्द दिलाय, या वस्तूला..."

"हात लावणार नाही असा दिलाय. बसणार नाही असा कुठे दिलाय? बसा, बा."

नोंदीच्या दृष्टीनं तिचं म्हणणं बिनतोड होतं. मी बसलो. पाय सरळ खाली गेले, पॅडल तळव्याखाली आलं, गुडघा जेवढा वाकायला हवा तेवढाच वाकला, हँडल हात पोचतील तिथेच होतं. फुर्बानं एकदा बाजूनं पाहिलं, एकदा मागून. "अंकल, एक नट हलवायला नको. हीच तुमची साइज."

"असणारच," पलिस्था म्हणाली. "माझे पाय कुणाचे आहेत? मलाच विचारलं असतं तर."

मी चौकाला एक फेरी घातली. चार वर्षं मी या सायकलीच्या बाजूनं पोट आत घेऊन जात होतो. माझं अचूक माप माझ्याच जिन्याखाली उभं होतं, आणि त्यासाठी मी शिंपी, ज्योतिषी, जकात आणि वॉर्ड पालथे घातले. मला लाज वाटायला हवी होती. वाटत होती फक्त मजा.

फेरी घालून परत आलो तर सगळा चौक एकीकडेच बघत होता. नानीमैयाँनं ओढणी कमरेला बांधली होती आणि ती छोटी सायकल हातात धरली होती.

"काय करतेस?" मी विचारलं.

"तुम्हाला होत नाही तर ठेवायची का नुसती?" ती म्हणाली, आणि टांग टाकून बसली.

ती चार फूट दहा इंच आहे. माहेर बीरगंजचं, सपाट मुलखातलं. तिथे पोरी सायकलवरच शाळेत जातात. हे मला ठाऊक होतं असं मी समजत होतो. पण लग्नानंतर तीस वर्षं तिनं सायकलीला हात लावला नव्हता आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की तुला चालवायची आहे का. ती आधी जरा लटपटली. मग पाठ ताठ झाली, आणि चैत्य उजवीकडे ठेवून ती एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी घालत राहिली. तिसऱ्या फेरीला तिनं एक हात सोडून पदर सावरावा तशी ओढणी सावरली. सायकल तिला अशी बसली होती की मास्टरांनी अंगावर माप घेऊन शिवली असावी.

"आमा," पलिस्था ओरडली, "ब्रेक हातात आहेत हं."

"मला शिकवू नकोस. मी डबलसीट नेलीय तुझ्या मावशीला."

भाइटीकेनंतरच्या शनिवारी आम्ही तिघं लाकुरीभन्ज्याङला गेलो. पलिस्थाला फुर्बानं दुकानातली सायकल दिली, भाडं घेतलं नाही. अर्धी वाट आम्ही सायकलवर गेलो आणि अर्धी सायकलीबरोबर. सानुकाजी दाइंनी माझी शैली अचूक ओळखली होती. पोरगी पुढे जायची, वळणावर थांबायची, आम्ही दिसलो की पुन्हा निघायची. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. खिंडीतल्या टपरीवर चहा घेतला, घरची सेलरोटी खाल्ली. खाली सगळं खोरं पसरलं होतं. पलिस्थानं आपलं घर कुठे असेल ते बोटानं दाखवलं, नानीमैयाँ म्हणाली तिथे नाही, इकडे. आणि दोघींचं बराच वेळ चाललं. मला बोलता येत नव्हतं, आणि दम लागल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

चोवीसला ती गेली. तिच्या व्हिसाच्या वेळी आमचं बापलेकीचं नातं सिद्ध करायला पाच कागद लागले होते. त्यांच्या नकला आणि माझं सायकलीशी असलेलं नातं मी एकाच फायलीत ठेवलंय. मास्टरांना मी मिठाई आणि शाल नेऊन दिली. त्यांना वाटलं मी टोमणा मारतोय. शेवटी समजावून सांगितलं की मास्टर, तुम्ही बरोबर मापलं असतंत तर सायकल माझ्या मापाची आली असती, आणि मग आमची ही अजून जिन्यावर उभी राहून माझी वाट बघत असती. ते बराच वेळ शालीवरून हात फिरवत बसले. आता ते तिच्यासाठी सायकलवर घालायच्या दोन विजारी शिवताहेत. माप अंगावर घेतलंय, वहीत बघितलेलंसुद्धा नाही.

परवा शुक्रवारी संध्याकाळी पलिस्थाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "बा, माझ्या सायकलीच्या सीटखालच्या दांड्यावर लाल नखरंगाची रेघ आहे. माझ्या उंचीची खूण. तुम्ही सीट किती खाली घेतलीत त्या खुणेपासून?"

मी जिन्याखाली जाऊन वाकून बघितलं. रेघ होती. मला आजवर दिसलीच नव्हती, कारण फ्रेमचं कडं अगदी तिच्यावरच आवळलेलं होतं.

"घेतली नाही," मी म्हटलं. "तू ठेवलीस तिथेच आहे."

"एक बोटही नाही?"

"एक बोटही नाही. हवं तर वॉर्डाचा शिक्का मारून पाठवतो."

ती हसली. मग तिनं नेहमीच्या आवाजात विचारलं, "बा, उद्या लाकुरीभन्ज्याङ?"

"हो," मी म्हणालो.